अठरा मग पाणी

माझी बहीण म्हाळू, हिची शाळा संपली तेव्हा तिला मार्कमेमो मिळाला नाही, एक दोनशेपानी वही मिळाली. अंबाजोगाईच्या निवासी शाळेत ती नऊ वर्षं होती. तिथं डोक्यानं सावकाश चालणारी मुलं शिकतात. सावकाश हा शब्द तिच्या वत्सलाबाईंचा. आमच्या वाडीत वेगळे शब्द आहेत, ते मी लिहिणार नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली की ती शाळा सुटते आणि मुलं घरी येतात. म्हाळूला काय काय येतं ते बाईंनी वहीत ओळीनं लिहिलं होतं. स्वतःची वेणी घालते. चहा करते, गॅस आठवणीनं बंद करते. एस.टी.त कंडक्टरला गावाचं नाव सांगते. भांडी, बादल्या, हंडे लख्ख धुते. अशा एकेचाळीस गोष्टी आणि चाळिसांपुढं लाल पेनाची टिक. एकेचाळिसावी होती, 'अडलं तर दुसऱ्या माणसाकडं मदत मागते.' तिच्यापुढची जागा कोरी.

मी वही वाचली आणि मनात म्हटलं, दुसऱ्या माणसाची गरजच काय, मी आहे ना.

त्या वर्षी मी जरा फुगलेलीच होते. माझं नाव चंद्रभागा, पणजीचं ठेवलेलं. नववीपर्यंत वर्गातली पोरं या नावावरून एवढी चिडवायची की मी हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात 'हजर' म्हणायचे. मग केजला तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा झाली. पाच मिनिटं बोलायचं होतं, मी नऊ मिनिटं बोलले, दोनदा घंटी वाजली तरी थांबले नाही, आणि तरी दुसरा नंबर आला. तेव्हापासून माझी खात्री झाली होती की मी बोलले की कुठलाही प्रश्न सुटतो.

आणि घरात प्रश्न होता. दोन हजार अठराचा पाऊस पोळ्याच्या आधी गेला तो गेलाच. कापूस गुडघ्याएवढा होऊन वाळला. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी ऊसतोड टोळीचा ट्रक येणार होता. माय आणि दादा, म्हणजे आमचे वडील, दरवर्षी तोडीला जातात ते थेट पाडव्याला येतात. मी आत्याकडं राहून शाळा करते. म्हाळू इतके दिवस तिच्या शाळेत असायची. आता तिची शाळा नव्हती.

"म्हाळूला संगं न्यायची," दादा म्हणाले. "दुसरा काय इलाज हाय?"

माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मला माहीत होतं तिला काय आठवलं. म्हाळू लहान असताना दोन वर्षं फडावर गेली होती. दिवसभर तिच्याकडं बघायला कोणी नसायचं, उसाचे ट्रॅक्टर सारखे ये-जा करायचे. म्हणून माय जुन्या लुगड्याची दोरी करून तिला कमरेला बांधायची आणि दुसरं टोक कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या त्या खोपटाच्या मेढीला. सकाळी बांधायची, संध्याकाळी सोडायची.

"आता मोठी झाली ती," माय म्हणाली. "आता बांधायची व्हय?"

"बांधायचं कोन म्हनतंय? बसंल कोपीत."

"फडात न्हाई," म्हाळू म्हणाली. ती कोपऱ्यात लसूण सोलत होती. मान वर न करता परत म्हणाली, "फडात न्हाई जायचं."

दादा वाईट नाहीत. ते मायला म्हणाले, "वयात आलेली पोरगी हाय. आडली, पडली, कुनी काय केलं, तर ती कुनाला सांगंल? तिला सांगता येतंय का? कुनाच्या भरवशावर ठिवायची?"

मी लगेच म्हणाले, "माझ्या."

"तू साळंत जाती," दादा म्हणाले.  म्हणून मी उत्तर शोधायला निघाले.

उत्तर पाराजवळच होतं. तिथं आमच्या गावच्या दूध संस्थेचं संकलन केंद्र आहे. पत्र्याची खोली, पुढं फरशीचा ओटा, ओट्यावर ॲल्युमिनियमचे कॅन. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्यांतून दूध आणतात, ते कॅनमध्ये जातं आणि आठला गाडी येऊन ते केजला नेते, आदल्या दिवसाचे रिकामे कॅन टाकून जाते. पूर्वी अकरा कॅन भरायचे. चारा संपला, लोकांनी जनावरं विकली, आता जेमतेम सहा भरत होते. आणि त्यातलंही दूध महिन्यात दोनदा आंबून परत आलं होतं, कारण कॅन धुणाऱ्या छबुबाई आधीच्या टोळीबरोबर निघून गेल्या होत्या. सचिव शहादेव काका घाईघाईनं एकेक तांब्या पाणी फिरवून कॅन पालथे घालायचे. पाणीच नव्हतं तर करणार काय. टँकर दोन दिवसांआड, आणि केंद्राच्या वाट्याला एक ड्रम.

मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि बोलायला लागले. म्हाळूच्या शाळेतसुद्धा उन्हाळ्यात पाणी नसायचं, म्हणून तिथं मुलांना मोजक्या पाण्यात भांडी धुवायला शिकवलंय. पहिला मग खंगाळायला, दुसऱ्यात सोडा टाकून ब्रशनं घासायला, तिसरा निवळायला. एका भांड्याला तीन मग, चौथा नाही. बोलता बोलता मी दुष्काळावरून सहकारावर गेले.

"आगं ये, भाषनबाई," शहादेव काका म्हणाले, "पानी पे जरा. बबनरावला इचारावं लागंल. चेरमन ते हायेत."

बबनराव ओट्यावरच होते, दूध घालायला आलेल्या गड्याबरोबर. गावात पाणी असलेला एकच बोअर त्यांचा. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "रामहरीची ती थोरली? लोकं हसतील शहादेव. माजलगावापोतर गोष्ट जाईल, की वाडीच्या संस्थेत असं चालतंय."

"दूध परत आल्यावर हसलेच की लोकं," काका म्हणाले.

बबनरावांनी ओट्यावरच्या कॅनांकडं बघितलं. मग म्हणाले, "बग मग आठ दिवस. टोळी जायच्या आत काय ते सांग."

घरी दादांनी ऐकून घेतलं आणि तेही एवढंच म्हणाले, "आठ दिवस. जमलं तर बगू. न्हाई तर ट्रकात."

पहिल्या दिवशी गाडी गेल्यावर म्हाळू ओट्यावर उकिडवी बसली आणि पहिला कॅन पुढ्यात ओढला. खंगाळला. सोडा टाकला. ब्रश तळाशी घालून फिरवत राहिली. मी बघत होते. फिरवतच राहिली. अख्खा हात खांद्यापर्यंत कॅनमध्ये. पाराखाली रामकिसन बसला होता, त्याला दिवसभर दुसरं काम नसतं. "ये चंदे, ती आत पडंल बग," तो म्हणाला. "दुदात पोरगी निघंल."

मला राग आला. दहाला मला शाळेत पोचायचं होतं आणि एका कॅनला पंधरा मिनिटं लागत होती. मी दप्तर ठेवलं, दुसरा ब्रश घेतला आणि तीन कॅन झटझट धुऊन टाकले. दुसऱ्या दिवशी सोड्याची पुडी सापडेना, म्हाळू उभी राहिली, मी धावत जाऊन आणली. तिसऱ्या दिवशी कोणीतरी तिला नाव विचारलं, मी सांगितलं. चौथ्या दिवशी मी चौथा कॅन घासत होते आणि म्हाळू हातात ब्रश धरून माझ्याकडं बघत होती, तेव्हा शहादेव काका दारात आले.

"चंद्रभागा," ते म्हणाले, "नोकरी कोनाला पायजे?"

"म्हाळूला."

"मग तू कावून धुतीस?"

"तिला येळ लागतो काका. मी नुसती मदत..."

"येळ लागू दे. संध्याकाळच्या दुदापोतर माझं काय जातंय? पर तू साळंत गेल्यावर काय व्हतंय ते मला चार दिवसांत दिसलंच न्हाई. उद्यापून तू पाराच्या अलीकडं यायचं न्हाई. तितं बस, बग, नाईतर साळंत जा. आन तोंड बंद."

मी फणफणत घरी आले आणि आत्याच्या मोबाइलवरून वत्सलाबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. बाई बराच वेळ ऐकत होत्या.

"चंद्रभागा, तुला ती एकेचाळिसावी ओळ माहितेय?"

"मदत मागते ती. ती मागतच नाही बाई."

"मागेल कधी? शाळेत आम्ही सहा शिक्षक होतो, ती नुसती उभी राहिली की कोणीतरी धावायचंच. चूक आमची आहे. आता तू तेच करतेस."

"मग मी काय करू?"

"काहीच करू नकोस. जमेल का तुला?"

पाचव्या आणि सहाव्या दिवशी मी पारावर बसून राहिले. सांगायला सोपं वाटतं. म्हाळूला झाकण लागत नव्हतं तेव्हा मी ओढणीचं टोक दातांत धरलं होतं. चौथ्या खेपेला लागलं. दोन्ही दिवस सहाही कॅन धुतले गेले, उन्हात पालथे पडले, आणि दूध परत आलं नाही. मला वाटलं, झालंच आता.

सातव्या दिवशी दसरा होता. शाळेला सुट्टी. गाडी कॅन टाकून गेली, तिच्यातूनच शहादेव काका केजला गेले, कसली तरी सही आणायची होती. म्हाळूनं ड्रमचं झाकण उचललं, पाण्याचा मग आत घातला, तो कोरडाच बाहेर आला.

आदल्या दिवशी टँकर आलाच नव्हता. माझ्या लक्षात होतं, तिच्या नव्हतं.

ती ड्रमात वाकून बघत राहिली. मग सरळ उभी राहिली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. तिची ती नजर मला पाठ आहे. ती नजर आली की मी उठायचेच. मी पाराची कड दोन्ही हातांनी धरली.

"टँकर दुपारी येतोय का उद्या, कोनाला ठावं," रामकिसन तिला म्हणाला. "ऱ्हाऊ दे की गं. एक दिवस न धुतल्यानं काय व्हतंय? फडक्यानं पुस आन दे पालथं घालून. कोन बगतंय?"

म्हाळूनं एका कॅनमध्ये तोंड घालून वास घेतला. "वास हाय," ती म्हणाली.

"आगं दुदाचाच हाय ना, का गटारीचा?"

तिनं मान हलवली. ऊन वाढत होतं, कॅनच्या तळाचं दूध वाळून पिवळं पडत होतं. संध्याकाळी पाचला लोक किटल्या घेऊन येणार, याच कॅनमध्ये दूध पडणार आणि उद्या ते परत येणार. परवा ट्रक. मी सगळा हिशेब केला.

आणि म्हाळू काय करत होती, तर कॅनला हात लावत होती. एका कॅनला तीनदा. मग पुढच्या कॅनला तीनदा. ओठ हलत होते. सहाही कॅनना झालं की परत पहिल्यापासून. रामकिसन माझ्याकडं बघून कानाशी बोट फिरवून हसला. खरं सांगते, मलाही वाटलं की ती गोंधळली. मी पारावरून खाली उतरले. एक पाऊल टाकलं. मग बाईंचं 'जमेल का तुला' आठवलं आणि मी तिथंच, मातीत, मटकन बसले.

म्हाळूनं बादली आणि मग उचलला आणि ओट्यावरून उतरून चालायला लागली. माझ्याकडं नाही. पाराच्या पलीकडं, समोर, बबनरावांच्या फाटकाकडं.

गावातलं कोणी आता त्या फाटकाशी जात नव्हतं. पहिल्या महिन्यात गेले होते. बबनराव कोणाला नाही म्हणत नाहीत. ते माणसाला आत नेऊन वाळत चाललेली मोसंबी दाखवतात, आणि माणूस आपण होऊन परत येतो. मग त्यांनी फाटकाला कुलूप घातलं. आमचे दादा तर कधी गेलेच नव्हते.

म्हाळूनं हातातला मग फाटकावर आपटला. दोनदा.

बबनराव बाहेर आले. मी होते तिथून सगळं ऐकू येत होतं.

"कोन गं तू?"

"म्हाळू. रामहरीची. क्यान धुती."

"मग?"

"पानी द्या."

रामकिसन पारावर ताठ बसला.

"टँकर येईल की दुपारला," बबनराव म्हणाले.

"न्हाई आला."

"येईल म्हनतो ना."

"न्हाई आला," म्हाळू म्हणाली, त्यांनाच नीट समजावं म्हणून जरा मोठ्यानं.

मग त्यांनी ते केलंच. हात करून कुंपणाआड दाखवलं. "ती झाडं बग. पानं कशी मुरगाळलीत बग. मलाच पुरंना, तुला कुटून देऊ?"

म्हाळूनं फाटकाच्या गजांतून डोकं घालून झाडं बघितली. कोणीच एवढं मन लावून बघितली नसतील. बराच वेळ बघून झाल्यावर ती म्हणाली, "हां. वाळलीत. पानी द्या. अठरा मग."

"किती?"

"अठरा. सहा क्यान. एकाला तीन." तिनं तीन बोटं वर केली.

आतून सावित्रीबाईंचं, बबनरावांच्या बायकोचं, हसणं ऐकू आलं. "अवो, अठरा मग मागायलीय पोरगी. अठरा टँकर न्हाई मागत. उगडा कुलूप."

कुलूप उघडलं. म्हाळू हौदाशी गेली आणि मगानं मोजत बादली भरायला लागली. नऊ झाल्यावर थांबली, बादली आणून ओट्यावर ठेवली, दुसरी बादली घेऊन परत गेली. परत नऊ. बबनरावांनी हौदातून एक बादली आपण होऊन भरली आणि तिच्यापुढं केली. "घे, हीबी घे. सणाचा दिवस हाय."

"अठरा झाले," म्हाळू म्हणाली आणि निघाली.

बबनराव ती भरलेली बादली हातात घेऊन तसेच उभे. मग ती खाली ठेवून तिच्या मागं चालत आले आणि पारावर रामकिसनच्या शेजारी बसले. त्या अठरा मगांचं काय होतं ते त्यांना बघायचं असणार. पहिला मग, खंगाळणं. दुसरा, सोडा, ब्रश, खांद्यापर्यंत हात. तिसरा, निवळणं. पालथा. पुढचा कॅन. पाऊण तास झाला तरी ते उठले नाहीत. तिसऱ्या कॅनपाशी त्यांनी मला विचारलं, "हे तीन मगाचं तू शिकवलं का गं तिला?"

माझ्याकडं या विषयावर निदान नऊ मिनिटांचं भाषण होतं. मी म्हणाले, "तिलाच इचारा."

"काय गं म्हाळू, कोनी शिकवलं?"

"बाईंनी," ती कॅनमधून म्हणाली. आवाज घुमला. "थांबा. काम हाय."

सहाव्या कॅनला शेवटचा मग ओतला आणि दोन्ही बादल्या पालथ्या घातल्या, त्यांतून थेंब पडला नाही. बबनराव उठले. जाताना रामकिसनला म्हणाले, "तू बसतो हितं दिसभर. तुला कदी सुचलं न्हाई मला पानी मागायचं?"

संध्याकाळी केजहून आल्यावर शहादेव काकांनी ऐकलं आणि आपटा वाटायच्या निमित्तानं सरळ आमच्या घरी आले. म्हाळूच्या हातात त्यांनी पान दिलं आणि दादांना म्हणाले, "रामहरी, परवापून ही संस्थेची मानूस. पगार तिच्या हातात. दोन टाईम यायचं, आजारी पडली तर सांगायचं. तुला जमतंय का बोल."

दादांनी सणाला आलेल्या आत्याकडं बघितलं. आत्या म्हणाली, "माझ्याकडं दोगी ऱ्हातील. मलाबी एकलीला घर खातंय." माय दाराच्या चौकटीला धरून उभी. दादा म्हाळूसमोर खाली बसले.

"तू बबनरावच्या दारात गेलतीस?"

"हां."

"मी न्हाई गेलो कदी," ते म्हणाले. "म्हाळू, आमी न्हाई हितं. तुला आडलं, कुनी काय बोललं, काय केलं, तर कुनाला सांगशील?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

म्हाळू बोटं मोजायला लागली. "आत्या." एक बोट. "शहादेव काका." दुसरं. "सावित्रीबाई." तिसरं.

"आन चंदी?"

"चंदी साळंत आसती," म्हाळू म्हणाली.

लागलं मला ते, खोटं कशाला सांगू. पण दादांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. ते उठले, आत गेले, आणि प्रवासाच्या बोचक्यातून म्हाळूच्या दोन साड्या काढून त्यांनी खुंटीवर टाकल्या. मी वही आणली. एकेचाळिसाव्या ओळीपुढं टिक करायला पेन काढलं, तर म्हाळूनं ते माझ्या हातातून घेतलं. तिची टिक वाकडी आली, दोन ओळींवर.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला टोळीचा ट्रक निघाला. वर भांडी, पाण्याचे ड्रम, कोंबड्या, पोरं, त्यात माय आणि दादा. गाडीची वाट पाराजवळूनच जाते. मी मागच्या फळकुटाला धरून धावत होते. संकलन केंद्रापुढं दादांनी पत्र्यावर हात आपटून ट्रक थांबवला.

"म्हाळू, ये गं," माय वरून म्हणाली. "निगालो आमी."

म्हाळू कॅनमध्ये खांद्यापर्यंत होती. तिनं मान बाहेर काढली, मायकडं बघितलं, हसली. मग उरलेल्या कॅनांकडं बघितलं.

"थांबा," ती म्हणाली. "दोन ऱ्हायलेत."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मुकादम पुढून ओरडला की आज जायचंय का पाडव्याला. दादा केबिनच्या टपाकडं वाकून म्हणाले, "बंद करा इंजन. तिचं काम चालू हाय."

इंजिन बंद झालं. अख्खी टोळी, कोंबड्यांसकट, वरून बघत बसली. खंगाळणं. सोडा. ब्रश. निवळणं. पालथा. शेवटचा कॅन. कोणी घाई केली नाही. 

म्हाळूनं हात पुसले, ओट्यावरून उतरली आणि ट्रकच्या मागच्या चाकावर पाय ठेवून वर चढली, मायच्या गळ्यात पडली, दादांच्या पाया पडली आणि आपली आपण खाली उतरली. ट्रक गेला. धूळ बसेपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो.

ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे. मला कोणी कधी तिला आक्का म्हणायला लावलं नव्हतं आणि मीही कधी म्हटलं नव्हतं.

"आक्का," मी म्हणाले, "मी साळंत जाते."

"जा," ती म्हणाली. "उशीर झालाय तुला."